अण्णांची इडली आणि आमची मराठी

इंदूरकरांची सकाळ पोहे-जिलबीने उजाडते, हे आम्ही जाणतो आणि त्याचा आम्हांस अभिमानही आहे. तथापि गेली 12 वर्षे आमची रविवारची सकाळ आळीच्या टोकावरील एका दाक्षिणात्य उपाहारगृहाने बळकावली आहे. सहा टेबले, भिंतीवर उडुपीच्या श्रीकृष्णाची तसबीर आणि गल्ल्यावर गंध लावून बसलेले अण्णा, एवढाच त्याचा थाट.

आम्ही पडलो मराठीचे एम. ए., त्यातून सरकारी शाळेचे मुख्याध्यापक! वाटी पुढे आली की व्याख्यान दिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. हे सांबार तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मले, ही दंतकथा आम्ही अण्णांना कितीदा तरी ऐकवली आहे, अर्थात हिंदीत. तिला भक्कम पुरावा नाही, हे तेवढे सांगायचे राहून जाते. अण्णा हसतात आणि पोऱ्याला आणखी एक पळी सांबार वाढायला सांगतात.

गेल्या पौषातली गोष्ट. शनिवारी रात्री सभेहून परतताना अण्णांनी आम्हांस आत बोलावले. भटारखान्यात भट्टीशेजारी पिठाची मोठी पातेली घोंगड्यांत गुंडाळून ठेवलेली होती. त्यांच्या गावाकडे समुद्राच्या उबदार हवेत तांदूळ-उडदाचे पीठ रात्रीतून आपसूक फुगते. माळव्याच्या थंडीत मात्र त्याला ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी इडलीचा दगड होतो, असे अण्णा सांगत होते. इतक्यात त्यांचा नातू आला आणि अण्णा त्याच्याशी एका निराळ्याच भाषेत बोलू लागले. ती तुळू. तिच्या नावाचे राज्य नाही, तिची पुस्तकेही बहुधा कन्नड लिपीत छापली जातात. तिसरी पिढी इंदुरात जन्मलेली असताना हे कसे साधले, असे आम्ही विचारले. अण्णा म्हणाले, "सरजी, गल्ले पर हिंदी, रसोई में तुलु."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमचे घराणे होळकरांच्या काळापासून या शहरात नांदत आहे. गणेशोत्सवात मातृभाषेवर भाषण करण्याचा मान दरवर्षी आमचा. आणि आमची कन्या? ती आजीला हिंदीतून उत्तर देते. दोष तिचा नव्हे. परीक्षेत मागे पडू नये म्हणून ती पहिलीत असताना घरात हिंदी आम्हीच सुरू केली. गेली दोन वर्षे आई जेवताना नातीशी बोलेनाशी झाली होती. तिला ऐकू कमी येते, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती.

तंजावरचे राज्य 1855 साली खालसा झाले. तेथील बृहदीश्वराच्या देवळात 1803 सालचा विस्तीर्ण मराठी शिलालेख आजही आहे. परंतु तंजावरी मराठी टिकली ती त्या दगडामुळे नव्हे. लेक-सुना स्वयंपाक करताना ती बोलत राहिल्या म्हणून. दुसऱ्यांस तंजावरचा इतिहास ऐकवणाऱ्या आम्हांस हे आधी सुचू नये!

पुढच्या रविवारी आम्ही आईलाही उपाहारगृहात नेले आणि नियम घातला : या टेबलावर मराठीच बोलायचे. कन्येने तोंड फुगवले. दोन रविवार ती मुकाट्याने खाऊन उठली. आमची सौ. आमच्याकडे नुसती पाहत राहिली. तिचे म्हणणे आम्हांस न बोलताच कळले.

तिसऱ्या रविवारी आईने डोशाचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "हा तर आपल्या आंबोळीचाच थोरला भाऊ!"

कन्येने मान वर केली. अडखळत म्हणाली, "आजी, तुझा पीठ रात्रीतून कसा फुलायचा?"

पीठ नपुंसकलिंगी, आणि ते फुलत नाही, फुगते. एका वाक्यात दोन चुका! तीस वर्षांच्या सवयीने आमचा हात खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडे गेला. तो आम्ही तसाच मागे घेतला आणि निमूटपणे इडली खाऊ लागलो.

आई मात्र खुर्ची पुढे सरकवून सांगू लागली, "अगं, चुलीच्या उबेला ठेवायचं, वर जाड फडकं घालायचं..." पुढे बराच वेळ ती बोलत होती. प्रश्न अगदी हलक्या आवाजात विचारलेला होता. तिला तो पहिल्याच खेपेस नीट ऐकू आला होता.