काटकोनातला ठोकळा

लाकडी ठोकळा एकटा हातात घेऊन त्याची परीक्षा होत नाही. त्याच्यावर दुसरा ठेवावा, दुसऱ्यावर तिसरा. दहाव्या थरालाही मनोरा सरळ उभा असेल, तर तो संच घरी आणावा. रंग आणि खोक्यावरचं चित्र नंतर बघावं.

ही परीक्षा आमच्या आळीतल्या सुतारकाकांची. त्यांच्या पडवीत दारंखिडक्यांची कामं चालत आणि उरलेले सागाचे, फणसाचे तुकडे आम्हा मुलांना मिळत. बहुतेक तुकडे तिरके. कितीही जपून रचले तरी घर दोन मजल्यांवर कोसळायचं. धाकटा भाऊ रडकुंडीला येऊन म्हणायचा, मला जमतच नाही. काकांनी एक दिवस मूठभर तुकडे गुण्याला लावून पाहिले, रंधा मारून काटकोनात आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. हात तेच होते, पण त्या संध्याकाळी मनोरा कठड्याच्या वर गेला.

बालवाडीतला गुलाबी मनोरा हाताळताना हेच पुन्हा भेटलं. मारिया माँटेसरींच्या त्या साधनात दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू एक सेंटिमीटर, मोठ्याची दहा. क्रम चुकला की बाईंना सांगावं लागत नाही, मुलाला दिसतं. मात्र त्यासाठी घन अचूक हवा. ठोकळा वाकडा असला की मूल त्याला दोष देत नाही, स्वतःच्या हाताला देतं. स्वस्तातल्या ओबडधोबड संचाबद्दल माझा राग एवढ्याचसाठी आहे.

पुढे वास्तुकला शिकताना वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटची गोष्ट वाचली. १८७६च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात त्याच्या आईने किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल याचं खेळसाहित्य पाहिलं आणि ते घरी आणलं. मेपलच्या त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांत राहून गेल्याचं त्याने म्हातारपणीही लिहिलं. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

मुलगी झाल्यावर मी युनिट ब्लॉक घेतले. १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट यांची ही रचना. त्या स्वतः सुतारकाम शिकवत असत, हे त्यांच्या ठोकळ्यात दिसतं: जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी, रंग नाही. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, हे मुलीला अपूर्णांक शिकण्याच्या कितीतरी आधी कळलं. पुलाला एक ठोकळा कमी पडला तेव्हा तिने दोन अर्धे जोडून खांब उभा केला होता.

घेताना मी एवढंच पाहते. कडा किंचित गोलसर आहेत ना, आणि काचेवर ठेवल्यावर ठोकळा डुगडुगत नाही ना. लाकूड नीट वाळवलेलं हवं. आपल्या पावसाळ्यात ते लांबीत फारसं वाढत नाही, पण आडवं फुगतं आणि मग मापं जुळेनाशी होतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तोंडात मावेल असा तुकडा नको. जानेवारी २०२१पासून आपल्याकडे कारखान्यातल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही बघावं. आणि संख्येत कंजुषी करू नये: रंगीबेरंगी अनेक आकारांपेक्षा एकाच मापाचे भरपूर तुकडे मुलाला फार पुढे नेतात.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना काप्ला आणून दिलं. टॉम व्हान डर ब्रुगेन या डच माणसाने १९८७मध्ये बाजारात आणलेल्या पाइनच्या या फळ्या सगळ्या एकाच मापाच्या: तीन जाड्या म्हणजे एक रुंदी, पाच रुंद्या म्हणजे एक लांबी. डिंक नाही, खाचा नाहीत, तोल फक्त वजनावर. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेले बाबा जेवायला हाका मारल्या तरी उठत नसत. नात शेजारी बसून त्यांना फळ्या पुरवायची आणि मधूनच बजावायची, "आजोबा, श्वास रोखा."

परदेशी संच महाग पडतात. म्हणून सावंतवाडीला गेले की चितार आळीतली रंगीत लाकडी फळं, भाज्या, भातुकली पाहताना एकच मनात येतं. लाकूड जाणणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांनी रंग बाजूला ठेवून, दोनास एक या मापात, गुण्याला लावलेले साधे ठोकळे करावेत. पहिला संच मी घेईन, आणि ओळखीतल्या प्रत्येक बाळाच्या बारशाला तोच देईन.