लापसे

सरांचे व्याख्यान रंगात आले की मागच्या बाकावर आमचा खेळही रंगात येतो, ही कबुली आधीच दिलेली बरी!

वहीच्या शेवटच्या पानावर पाच चौकटी आखायच्या. एकाने मनात पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द धरायचा, दुसऱ्याने तो सहा खेपांत ओळखायचा. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर, तर भोवती गोल. अक्षर आहे पण जागा चुकली, तर खाली टिंब. मुळीच नाही, तर फुली. मोबाइलवरच्या ‘वर्डल’मध्ये रोज एक नवा शब्द मिळतो, तेवढ्याने आमची हौस भागत नाही, म्हणून हा कागदी उद्योग. तशी कागदाचीच परंपरा जुनी. ‘जॉटो’ नावाचा पाच अक्षरी शब्दांचा खेळ अमेरिकेत १९५५ सालीच निघाला होता.

माझा जोडीदार कन्नड विभागातला. मी मूळचा बाजारहत्नूरचा. मामा इथे नोकरीला आहेत म्हणून कॉमर्स शिकायला इकडे आलो. आमचा आदिलाबाद जिल्हा पूर्वी हैदराबाद राज्यात होता, १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. घरातली मराठी मात्र जागची हलली नाही. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता तेलुगूही आली. तेलुगू आणि कन्नड या लिप्या जणू सख्ख्या बहिणी. त्यामुळे मित्राच्या वहीतली अक्षरे मला लागतात, अर्थ तेवढा लागत नाही. इंग्रजी मात्र दोघांनाही सारखीच परकी, म्हणून सामना बरोबरीचा!

परवा त्याने शब्द धरला. मी पहिल्यांदा ‘रेझ’ लिहिले. ए, एस आणि ई या तिन्ही अक्षरांभोवती गोल पडले. आर आणि आय यांवर फुली. मग ‘कॉज’ लिहिले. सी आणि यू गेले. तिसऱ्या खेपेस ‘फॉल्स’. एफ गेला, पण तिसऱ्या चौकटीतल्या एलखाली टिंब आले. म्हणजे एलची जागा पहिली. एल, ए, मध्ये रिकामी चौकट, एस, ई. आता राहिले काय? आणि एकाएकी कानात शब्द घुमला – ‘लापसे’.

मित्रहो, मराठी शाळेत स्पेलिंग कसे पाठ होते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. लिहिले तसे वाचायचे. ‘कनाइफ’ म्हणजे सुरी, ‘बेआउटिफुल’ म्हणजे सुंदर. या युक्तीच्या जोरावर वर्गात माझे स्पेलिंग कधी चुकत नसे. ‘लॅप्स’ हा शब्द मराठीत लिहिला तर दोन अक्षरांचा; इंग्रजीत पाच आणि त्यातले शेवटचे मुके. तोही मी असाच पाठ केला होता. लापशीच्या जवळचा, म्हणून चांगला लक्षात राहिला.

नववीत असताना एका संध्याकाळी बाबांनी मोबाइल पुढे केला. “बघ रे, इंग्रजीत काय आलंय.” विम्याचा वार्षिक हप्ता राहिला होता; न भरल्यास पॉलिसी ‘लॅप्स’ होईल, असा तो मजकूर होता. मला ‘पॉलिसी’ कळली, तारीख कळली, लापसेचे स्पेलिंगही ओळखीचे वाटले. अर्थ माहीत नव्हता. पण वर्गात पहिला येणारा मुलगा ‘येत नाही’ कसे म्हणणार? मी म्हणालो, “काही नाही बाबा, नेहमीचंच आहे.”

सवलतीचे ३० दिवस निघून गेले. पुढे पॉलिसी पुन्हा सुरू करायची म्हणून थकलेला हप्ता, त्यावर व्याज आणि प्रकृतीबद्दलचा फॉर्म, असे सगळे मागून आले. भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा म्हटलेला कापूस बाबांनी घाईने विकला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “येत नव्हतं तर तसं सांगायचं. मी दुसऱ्याला विचारलं असतं.”

मी चौकटीत पी भरला. मित्र खूष झाला. मी विचारले, “याचा अर्थ रे?” तो सहज म्हणाला, “ठाऊक नाही. लॉच्या पुस्तकात पाहिला. तू सांग की!”

किती सहज म्हणाला! मला नववीत जे जमले नाही, ते त्याने चालत्या तासाला करून दाखवले. मग मी त्याला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सहावे कलम दाखवले. ठरलेली मुदत संपली की प्रस्ताव आपोआप रद्द होतो, तो ‘लॅप्स’. आणि बाबांची पॉलिसीही सांगितली.

जॉश वॉर्डल यांनी ‘वर्डल’ आपल्या सहचारिणी पलक शहा यांच्यासाठी केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांना खुला झाला आणि जानेवारी २०२२ संपता संपता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकतही घेतला. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे १२,००० निघाले. ते पलकबाईंनी एकेक करून निवडले – हा मला येतो, हा येत नाही, हा कदाचित येत असेल – आणि उत्तरांसाठी सुमारे २,५०० ठेवले. न येणाऱ्या शब्दांचा ढीग कितीतरी मोठा निघाला, त्याची त्यांना लाज वाटली नाही. त्या निवडीवरच तर खेळ उभा राहिला!

आमच्या खेळात आता एक नियम वाढला आहे. शब्द धरणाऱ्याने शेवटी अर्थ सांगायचा. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायचे. त्याला गुण कापले जात नाहीत. गावाकडून बाबा अजूनही मेसेज पाठवतात. परवा एका शब्दाशी अडलो. “थांबा बाबा, हा मला येत नाही, विचारून सांगतो,” म्हणालो. पलीकडून बाबा म्हणाले, “सावकाश विचार.”