हे ‘आलोय’ कुठे ठेवलंस?

रे रोड स्टेशनवर हार्बरची लोकल लेट असली की मी इंग्लिश ग्रामर करते. हसू नका. ही सवय एका अप्रेझलने लावलीय.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीत इम्पोर्ट डेस्क बघते. बिल ऑफ एन्ट्री, डिलिव्हरी ऑर्डर, आणि कंटेनर अडकला की सगळ्या जगाचे फोन. २०१९ पासून हेच. एप्रिल २०२५ मध्ये सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म आला. बॉस नवा, बसतो बेंगळुरूला, ओळख फक्त स्क्रीनवरची. आणि मी पक्की मराठी मीडियमची. राज्यात पहिलीपासून इंग्लिश सुरू झालं ते २००० साली, तोवर आमची बॅच पुढे निघून गेली होती. आम्हाला एबीसीडी भेटली ती थेट पाचवीत. फार पूर्वी एका इंटरव्ह्यूत मी ‘आय अ‍ॅम वर्किंग देअर सिन्स टू इयर्स’ म्हटलं होतं. त्यावर समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघून केलेलं स्माइल अजून डोक्यात आहे.

म्हणून या वेळी सेफ खेळले. लिहिलं, ‘आय हँडल्ड द इम्पोर्ट डेस्क फॉर सिक्स इयर्स.’ वाचा हवं तर. एक चूक नाही. कॉम्प्युटरनेही लाल रेघ मारली नाही.

पंधरा दिवसांनी मेल आला. माझे दोन सगळ्यात मोठे क्लायंट बेंगळुरूच्या एका मुलाकडे! फोन केला तर बॉस खरंच गोंधळला. म्हणाला, ‘पण तूच लिहिलंयस ना, की तू ते काम करायचीस? मला वाटलं, आता तुला दुसरं काहीतरी हवंय.’

करायचीस. म्हणजे केलं, संपलं, फाइल बंद.

गंमत बघा. ज्या वाक्यावर इंटरव्ह्यूत हसले, ते चुकीचं वाक्य लिहिलं असतं तर माझं काम वाचलं असतं. ‘सिन्स सिक्स इयर्स’ला बॉस हसला असता फार तर, पण मी अजून त्याच खुर्चीत आहे हे त्याला कळलं असतं. बरोबर वाक्याने मला खुर्चीवरून उठवलं.

रात्री घरी तोंड पाडून बसले होते. बाबा दारूखान्यात जहाजाचं भंगार विकणाऱ्या एका दुकानात हिशेब लिहितात. (दारूखाना म्हणजे बंदुकीच्या दारूचा. तुमच्या मनात आली ती नव्हे.) त्यांचं इंग्लिश तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर झालेलं, तेही अर्धवट. मी विचारलं, ‘बाबा, तुमचं काम एका वाक्यात कसं सांगाल?’

‘तीस वर्षं वह्या लिहीत आलोय.’

मी फॉर्मचा प्रिंटआउट दाखवला. चष्मा नाकावर ओढून त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘मग तू हे ‘आलोय’ कुठे ठेवलंस?’

शाळेत ज्याला आम्ही ‘प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस’ असं धापा टाकत म्हणायचो, ते हेच. करत आलेय. मागे कधीतरी निघाले आणि चालत चालत आत्तापर्यंत आले, बहुतेक वेळा अजून थांबलेले नाही. बनवायलाही सोपं. ही-शी-इटला हॅज, बाकीच्यांना हॅव, मग बीन, मग क्रियापदाला आयएनजी. ‘आय हॅव बीन हँडलिंग द इम्पोर्ट डेस्क.’

खरी मारामारी ‘पासून’ची आहे. आपलं ‘पासून’ दिलदार, ‘सहा वर्षांपासून’ही चालतं, ‘२०१९ पासून’ही. इंग्लिशला मात्र दोन डबे लागतात. कालावधी असेल तर फॉर, सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स. आमच्या स्टेशनचंच घ्या. हार्बर लाइन इथे १९१० साली आली. तेव्हा ट्रेन्स हॅव बीन रनिंग हिअर सिन्स १९१०. किंवा, फॉर मोअर दॅन अ हंड्रेड इयर्स. लेट का असेना, पण रनिंग.

आणि डबा! ‘समवन हॅज ईटन माय लंच’ म्हणजे डबा रिकामा, वडापाव आणा. ‘समवन हॅज बीन ईटिंग माय लंच’ म्हणजे कोणीतरी हात मारलाय, पण दीड पोळी अजून शिल्लक असू शकते. ऑफिसात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

फक्त ओळखणं, माहीत असणं, अशांना आयएनजी लावायचं नाही. ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स.’ मराठीतही ‘मी तिला ओळखतेय’ असं कोण म्हणतं?

ज्याचं नाव या स्टेशनाला आहे तो लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर होता. पण जन्म नेदरलँड्समधल्या हेगचा. डच माणूसही आपल्यासारखंच साध्या वर्तमानकाळात ‘तीन वर्षांपासून इथे राहतो’ म्हणतो. साहेबांचंही सुरुवातीला माझ्यासारखं झालं असेल का? पुढे ते ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्यालाही होप आहे.

मी बॉसला नव्याने मेल लिहिला, या वेळी ‘आलेय’सकट. एक क्लायंट परत मिळाला. दुसरा गेला तो गेलाच, आणि त्या मुलाला काम शिकवायचं माझ्याच गळ्यात पडलं. मुलगा चांगला आहे, हे आणखी त्रासदायक.

मग जूनमध्ये कॉल होता. सिंगापूरचा एजंट, बॉस, तो मुलगा, मी. एजंटने विचारलं, हाउ लाँग हॅव यू बीन डूइंग धिस? इतके दिवस प्लॅटफॉर्मवर घोकलेलं. कॉन्फिडन्सने सुरू केलं, ‘आय हॅव बीन डूइंग धिस सिन्स…’

सिन्स निघून गेलं होतं तोंडातून. सिक्स इयर्स ओठांवर. बॉस स्क्रीनमधून बघतोय.

‘…सिन्स ट्वेंटी नाइन्टीन,’ मी म्हटलं आणि पाणी प्यायले.