रिक्त आणि अतिरिक्त

संस्कृतांत ‘रिच्’ नांवाचा एक धातु आहे. रितें करणें, मोकळें करणें हा त्याचा अर्थ. ‘रिक्त’ हा शब्द त्याच्यापासूनच झाला. आपला मराठी ‘रिता’ हा त्याच घराण्यांतला. आणि ‘अति’ हा उपसर्ग जोडला म्हणजे होतो तो ‘अतिरिक्त’. ही व्युत्पत्ति आम्हीं आमच्या तेहतीस वर्षांच्या मास्तरकींत अनेकदां फळ्यावर लिहून दाखविली असेल. तिचा खरा अर्थ मात्र वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, २०१३ सालीं, एका सरकारी कागदानें आम्हांस शिकविला. त्या कागदांत आमच्या नांवापुढें ‘अतिरिक्त’ असा शेरा होता.

झालें होतें तें असें. ऑक्टोबर २०११ मध्यें महाराष्ट्रांतील शाळांची एकाच वेळीं पटपडताळणी झाली व कित्येक ठिकाणीं नुसतीं कागदावरचीं मुलें आढळून आलीं. मे २०१२ मध्यें सरकारनें शिक्षकांची नवी भरती थांबविली. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेलाच होता. सहावी ते आठवीच्या वर्गांत पस्तीस मुलांमागें एक शिक्षक, हें त्यांतील प्रमाण. मूळ हेतु चांगला. मुलें अधिक तेथें शिक्षक अधिक द्यावे, असा. पण ज्या शाळेंत मुलेंच कमी होत चाललीं, तेथें त्याच मापानें शिक्षक कमी होऊं लागले.

आमची शाळा निफाड तालुक्यांत, गोदेच्या कांठीं. तिच्या पटावर खोटें नांव एकही नव्हतें. परंतु खरीं नांवेंही उरलीं नव्हतीं. सकाळीं पिवळ्या बसगाड्या येत आणि गांवचीं मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळांकडे घेऊन जात. आमच्या वर्गांत सतरा मुलें राहिलीं. नियम असा कीं सेवेनें जो सर्वांत कनिष्ठ, तो अतिरिक्त. कित्येक वर्षांत नवा माणूस नेमलेला नव्हता. त्यामुळें डोक्याचे केस पांढरे झालेले आम्हीच त्या शाळेंतले सर्वांत धाकटे मास्तर ठरलों!

समायोजनासाठीं जिल्ह्याच्या गांवीं, म्हणजे नाशिकला, बोलावणें आलें. भिंतीवर रिक्त जागांची यादी होती आणि आमच्यासारख्या अतिरिक्तांची यादी कारकुनाच्या हातांत होती. एकाच धातूच्या दोन लेकरांची अशी गांठ पडलेली पाहून, प्रसंग हंसण्याचा नसूनही आम्हांस हंसूं आलें.

पहिल्या शाळेनें आम्हांस रुजू करून घेतलें नाहीं. ‘ही जागा आम्हीं आमच्या माणसाकरितां ठेविली आहे,’ असें मुख्याध्यापकांनीं स्पष्ट सांगितलें. हुकुमाचा कागद घेऊन आम्ही तीनदां त्या दारांतून परत फिरलों. रुजू नाहीं म्हणून पगार नाहीं, असे चार महिने गेले. तेवढ्या अवधींत घरच्या मंडळींनीं वाण्याच्या उधारीचा उच्चार एकदांही केला नाहीं. आणि तो केला नाहीं म्हणूनच अधिक बोंचला.

अखेर अंबडच्या कारखान्यांजवळच्या एका शाळेनें आम्हांस घेतलें. सिडकोंत दोन खोल्या भाड्यानें मिळाल्या. घरच्या मंडळींनीं गांवाहून तुळशीचें रोप तेलाच्या डब्यांतून आणिलें व गॅलरींत ठेविलें. जन्म गोदेच्या कांठीं गेला, आणि आतां पहांटे येणाऱ्या नळासाठीं गजर लावून उठावें लागे. गांवांत आम्ही ‘गुरुजी’ होतों. येथें ‘सर’ झालों, आणि तेंही नुसते नव्हे. शिक्षकांच्या खोलींत आमचा उल्लेख ‘अतिरिक्त सर’ असा होई. तसें म्हणण्यांत कोणाचा दुष्टावा नव्हता, परंतु स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून आम्हीं खिशांत ठेविला होता.

वर्गांत बासष्ट मुलें. कोणी खानदेशचीं, कोणी मराठवाड्याचीं, कोणी उत्तर प्रदेश-बिहारकडचीं. आईबाप कारखान्यांत, पहिल्या पाळीची आई मुलें उठण्यापूर्वींच घराबाहेर पडे. खानदेशच्या मुलांच्या तोंडीं ‘माले’, ‘तुले’ येई, आणि आम्ही तत्काळ ‘मला’, ‘तुला’ असें सुधारीत असूं. पंधरा दिवसांत उच्चार सुधारले नाहींत. मुलें बोलायचींच थांबलीं. चूक आमची होती, हें कळावयास आम्हांस तितकेच दिवस आणखी लागले.

मग एके दिवशीं आम्हीं उलट मार्ग धरिला. रिकाम्या भांड्याला तुमच्या घरीं काय म्हणतात, तें सांगा, असें म्हटलें. ‘रिकामं’, ‘खाली’, ‘रितं’ असे शब्द फळ्यावर जमूं लागले. उत्तर प्रदेशचा एक मुलगा, तोंवर वर्गांत ज्याचा आवाज आम्हीं ऐकिला नव्हता, भीत भीत म्हणाला, “सर, आमच्या गांवाला ‘रीता’ म्हणतात.” ‘रिता’ आणि ‘रीता’ हीं सख्खीं भावंडें कशीं, हें आम्हीं सांगितलें, ‘रिक्त’ लिहिलें, आणि संवयीनें हातून ‘अतिरिक्त’ही लिहिलें गेलें.

तेव्हां मागच्या बांकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मग तुम्हांला अतिरिक्त सर कां म्हणतात?”

खोटें कशाला सांगावें? पस्तीस मुलांना एक शिक्षक हा हिशेब आम्हीं फळ्यावर मांडला. हिशेबाहून जास्त उरतो तो अतिरिक्त, असें सांगितलें. ती मुलगी खालीं बसेना. तिनें बोटांवर कांहीं मोजलें व म्हणाली, “पण सर, आम्ही बासष्ट आहों. म्हणजे आम्हांला दोन सर पाहिजेत. तुम्ही एकटेच आहां. जास्त कुठं? एक कमीच आहे.”

तिनें आमचें सांत्वन केलें नव्हतें. केवळ भागाकार केला होता. त्या रात्रीं खिशांतला अर्ज आम्हीं पेटींत टाकला; तो अजून तेथेंच आहे. २०१७ सालीं रीतसर निवृत्त होईपर्यंत आम्ही त्या वर्गांत होतों.

१५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें संचमान्यतेचे निकष पुन्हां बदलले, आणि लहान गांवांतील मास्तरांस पुन्हां तीच धास्ती पडली. त्यांची बाजू मांडावयास बसलों कीं लेखणी मध्येंच अडते. आमचा स्वतःचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातो. त्याचें नांव घातलें त्या दिवशीं आम्ही घरांतच होतों, आणि एक अक्षरही बोललों नाहीं. सरकारनें जागा कापल्या हें खरें. परंतु पटावरचीं नांवें त्याआधीं कोणीं कापलीं, हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरांनींही एकदां स्वतःस विचारला पाहिजे. वर्ग रिक्त आम्हीं केले. मग त्यांतला मास्तर अतिरिक्त ठरला, तर दोष एकट्या व्याकरणाला कसा द्यावा?