उलटं वाचलेलं स्टिकर

राउटरच्या पोटाखालचं स्टिकर मला आता चष्मा लावूनही नीट वाचता येत नाही. आठ आणि बी, शून्य आणि डी यांत गफलत होते, आणि आमच्या कामात एक अक्षर चुकलं की रात्र वाया जाते. म्हणून ऑफिसात शिकायला आलेल्या मुलीला मी स्टिकर वाचून टाइप करायला बसवलं. ते काम मला हलकं वाटत होतं.

काम एका पतसंस्थेचं होतं. चौदा शाखा, सगळीकडे एकाच मॉडेलचे राउटर, आणि वायफायचे पासवर्ड कारखान्यातून आले तेच. दोन वर्षांपूर्वी मुख्य शाखेतला राउटर मीच तपासला होता. जोडणीच्या वेळचा हँडशेक पकडला, माझ्या शब्दयाद्या चालवल्या, मग तीन रात्री ग्राफिक्स कार्ड नुसतं तापत ठेवलं. पासवर्ड दहा अक्षरी हेक्स, म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता. सेकंदाला चार लाखांच्या वेगाने सगळ्या संपवायला महिना लागला असता. अहवालात ‘मजबूत’ असं लिहून मी सही केली.

यंदा त्या मुलीने चौदा शाखांमधल्या स्टिकरांचे फोटो छापून घेतले आणि टेबलावर एकाखाली एक मांडले. थोड्या वेळाने म्हणाली, “सर, चौदाही पासवर्डांची शेवटची तीन अक्षरं एकच आहेत. सात, एफ, चार.”

मी म्हटलं, “योगायोग असेल.” चौदा वेळा योगायोग होत नसतो, हे मला तोंडातून शब्द बाहेर पडतानाच कळत होतं.

तिने स्टिकरांवरच्या मॅक पत्त्यांवर, म्हणजे राउटरांच्या ओळख क्रमांकांवर, बोट ठेवलं. “हे उलटं वाचा.” शेवटच्या सहा अंकांची सुरुवात प्रत्येक पत्त्यात चार, एफ, सात अशी होती. पासवर्डची मागची सहा अक्षरं म्हणजे मॅक पत्त्याचे शेवटचे सहा अंक, उलट्या क्रमाने. पहिली चार खरोखरच यादृच्छिक आहेत असं धरलं, तरी उरल्या ६५,५३६ शक्यता. माझ्या त्याच जुन्या कार्डाला त्या संपवायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. आणि मॅक पत्ता काही गुपित नसतो, राउटर तो दर क्षणी हवेत ओरडून सांगत असतो. हवेतला पत्ता स्टिकरवरच्यापेक्षा दोनने पुढे होता, एवढाच आडपडदा. मी त्या वेळी हवेतला पत्ता सुलटा ताडून पाहिला होता. जुळला नाही, तेव्हा सोडून दिला.

तेव्हापासून हाच एक प्रश्न डोक्यात घोळतोय. पासवर्डची ताकद आम्ही मोजतो ती अक्षरांच्या संख्येवर, पण ती असते त्याच्या जन्मात. कारखान्यात तो खऱ्या यादृच्छिकतेतून आला, की कुणा प्रोग्रॅमरने सीरियल नंबर घुसळून काढला? एका स्टिकरकडे कितीही टक लावून बघा, उत्तर मिळत नाही. एकटा असताना घुसळलेला आणि अस्सल हुबेहूब सारखे दिसतात. भावंडं शेजारी उभी केली की चेहरेपट्टी कळते, तीसुद्धा घुसळण कच्ची असेल तर. एसएचए-१ सारख्या पक्क्या घुसळणाऱ्या फंक्शनमधून काढलेला असेल तर चौदा काय, चौदाशे स्टिकर मांडली तरी डोळ्यांना काही दिसायचं नाही. मग राउटरचं फर्मवेअर फोडूनच बघावं लागतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, आणि जास्त लागतं ते हेच. २००८ साली केविन डिव्हाइनने थॉमसनच्या स्पीडटच राउटरचं गणित उलगडलं. सीरियल नंबरवर एसएचए-१ चालवायचं, निकालाची पहिली दहा अक्षरं पासवर्ड आणि शेवटची सहा नेटवर्कच्या नावात. म्हणजे नाव वाचून पासवर्डापर्यंत मागे जाता येत होतं. २०१५ मध्ये लोरेंते, मेयर आणि व्हर्डुल्ट यांनी नेदरलँड्समधल्या राउटरांवर याच विषयाचा शोधनिबंध वाचला. ही दोन्ही उदाहरणं मी कितीतरी व्याख्यानांत पडद्यावर दाखवली आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. ग्राहकासमोर कार्ड सुरू करायचं आणि त्याच्या देखत पासवर्ड काढून दाखवायचा, याची मला चटक लागली होती. मोबाइल नंबर हाच पासवर्ड असला की तीन तासांच्या आत निघतो; केबलवाल्याने आठ आकडे ठेवले असतील तर चार मिनिटांत, चहा येण्याआधी. ग्राहकाचा चेहरा बदलतो तो क्षण मला आवडायचा. जिथे तसा क्षण मिळण्याची चिन्हं नव्हती, तिथे मी विचार करणंच थांबवत होतो.

आमच्या धंद्यात आता ऐंशी पानी अहवाल देणारे पुष्कळ झाले आहेत. तयार टूल चालवायचं, रंगीत तक्ते काढायचे, इंग्रजी नावांनी भरलेली रॉकयूची पासवर्डयादी फिरवायची आणि ‘पासवर्ड सुटला नाही’ म्हणून हिरवा शिक्का मारायचा. साईराम, माउली, मुलीचं नाव आणि पुढे १२३, हे त्या यादीच्या भरवशावर सोडणं मला कामचुकारपणा वाटतो, आजही वाटतो. पण माझाही शिक्का हिरवाच होता आणि तितकाच पोकळ होता.

मी या कामात आलो ते २००८ मध्येच. अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून गेला होता. फ्लॅटमधल्या माणसाचा त्यात काही संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला. आपलं वायफाय दुसऱ्याने वापरलं तर पोलीस आधी आपलं दार वाजवतात, हे तेव्हा मनात पक्कं बसलं. म्हणून पतसंस्थेच्या चौदा दारांचा विचार मला झोपू देत नव्हता.

गेल्या सोमवारी संस्थेच्या सचिवांना पत्र दिलं, की दोन वर्षांपूर्वीचा माझा अहवाल चुकीचा होता. चौदाही पासवर्ड फासे टाकून नव्याने ठरवले आणि बदलून दिले. अहवालाच्या तक्त्यातला ‘मजबूत’ हा रकाना काढून टाकला आहे. त्या जागी ‘पासवर्ड कसा तयार झाला’ असा रकाना आहे, आणि बहुतेक राउटरांपुढे मी त्यात ‘अज्ञात, बदलावा’ असं लिहितो. पत्रावर माझ्या सहीखाली त्या मुलीची सही आहे.