दुरुस्ती करायची की नवं आणायचं?

मुलांनो, घरातली एखादी वस्तू बंद पडली की आमच्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. बाबा म्हणतात, ‘‘टाका ते आणि नवीन आणा.’’ आई म्हणते, ‘‘आधी उघडून तर बघा!’’ मी बहुतेक वेळा आईच्या पक्षात असतो. पण नेहमीच नाही बरं का!

मिक्सरचंच बघा. वाटता वाटता तो एकदम गप्प झाला, तर प्लग काढा आणि त्याला पालथा करा. पुष्कळ मिक्सरच्या बुडाशी एक छोटं, बहुधा लाल बटण असतं. भांड्यात फार कोंबलं की मोटर जळू नये म्हणून ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तोडतं. थोडा वेळ थांबून ते आत दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू. न बिघडलेला मिक्सर दुकानात नेणारी माणसं मी पाहिली आहेत!

कधी मोटर घुर्रर्र फिरते, पण पातं जागचं हलत नाही. अशा वेळी बहुधा कपलर गेलेला असतो. मोटरला भांड्याशी जोडणारा हा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा. तो मोटरपेक्षा नाजूक असतो, आणि तेच बरं. पातं अडकलं की तो आधी तुटतो नि मोटर वाचते. कुकरची रिंग, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हेही त्याच जातीचे. झिजायचं, वितळायचं नि बदलून घ्यायचं, हेच त्यांचं काम. असा भाग गेला म्हणून अख्खी वस्तू टाकणं म्हणजे चप्पलेचा अंगठा तुटला म्हणून चप्पल फेकण्यासारखं! (सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी मात्र कसलाही जुगाड चालत नाही. भाग त्याच कंपनीचा हवा.)

आता पंखा. जुना पंखा हळू फिरू लागला, किंवा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलला तर फिरतो, तर बऱ्याचदा दोष कपॅसिटरचा असतो. मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा हा लहानसा डबा. तो मिळतो शंभर रुपयांच्या आत. पण वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहू शकतो, म्हणून हे काम वायरमनकाकांचं, तुमचं नाही.

मग कपॅसिटर बदलला की झालं? थांबा, इथे बाबांचा पक्ष जिंकू शकतो. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. फरक ४५ वॅटचा. आजीच्या खोलीतला पंखा रोज १२ तास चालतो, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त बचत. वर्षात ८ महिने धरा, तर सुमारे १३० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर हजाराच्या वर! नवा पंखा तीन हजारांचा असला तरी तीनेक वर्षांत पैसे वसूल. पण तोच जुना पंखा पाहुण्यांच्या खोलीत असेल, महिन्यातून दोनदाच लागत असेल, तर? तिथे शंभर रुपयांचा कपॅसिटरच शहाणा. पंखा एकच, पण खोली बदलली की उत्तर बदललं.

‘दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवं घ्या,’ असं मोठी माणसं सांगतात. हिशेब सोपा आहे, पण अपुरा. आमची आई शेंगदाण्याच्या, लसणाच्या, कारळ्याच्या चटण्या करून विकते. तिच्या वहीत मिक्सरचं एक पान होतं. २००९ साली घेतला. २०१४ साली कार्बन ब्रश. २०१७ साली भांड्याचं बुश. मग २०२१ साली दिवाळीच्या तोंडावर आर्मेचर जळलं. दुरुस्ती ११०० रुपये, नवा ३५०० रुपये. निम्म्याचा नियम म्हणत होता, दुरुस्त करा. पण मिक्सर चार दिवस दुकानात अडकला की चटण्यांच्या ऑर्डरी हातच्या जायच्या. हे चार दिवस त्या नियमात कुठेच नव्हते.

शेवटी दुरुस्तीवाले काकाच म्हणाले, ‘‘वहिनी, वाइंडिंग करून देतो, पण बेअरिंगपण गेलंय. वर्षभरात परत याल.’’ स्वतःचं गिऱ्हाईक घालवून खरं सांगणारा माणूस! आईने नवा घ्यायचं ठरवलं आणि जुना त्यांनाच दिला. त्याचे धड भाग दुसऱ्या कुणाच्या मिक्सरला लागले असतील.

खरी अडचण येते ती ‘हा पार्ट आता येत नाही’ म्हणतात तेव्हा. वस्तू धडधाकट, पण दहा रुपयांच्या तुकड्यासाठी भंगारात! म्हणूनच आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं. फ्रान्समध्ये २०२१ साली टीव्ही, वॉशिंग मशीन, मोबाइल अशा काही वस्तूंना, त्या किती सहज दुरुस्त होतात यावरून १० पैकी गुण द्यायला सुरुवात झाली. वस्तूंचंही प्रगतिपुस्तक!

नवा मिक्सर घ्यायला मी आईबरोबर गेलो होतो. दुकानदार रंग दाखवत होता, वॅट सांगत होता. आईने विचारलं, ‘‘याचा कपलर कुठे मिळतो?’’ त्याला सांगता आलं नाही. आम्ही पिशवी उचलली आणि पुढच्या दुकानात गेलो.