ब्रेक ऑइल आणि आम्ही

वाङ्मयीन पत्रिकेच्या पानांवर ब्रेक ऑइलसारखा विषय यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांच्या परड्यात जुनी जीप अद्याप उभी आहे, अशी घरे निपाणी-बेळगाव पट्ट्यात थोडी नाहीत. तंबाखूचे बोद, भाताची पोती, लग्नाचे वऱ्हाड आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, सर्वांना तिनेच वाहून नेले आहे. आमच्याकडेही 1991 सालची महिंद्रा 540 आहे. तिच्यामुळे आम्हांला जो धडा मिळाला तो सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

2019 च्या मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही निपाणीहून संकेश्वर, आजरा या मार्गाने सावंतवाडीस निघालो होतो. गाडीत सौ., आमची थोरली बहीण आणि आठ वर्षांची नात. वर आहेराचे सामान. आंबोलीचा घाट उतरताना उतारावर वारंवार ब्रेक दाबावा लागत होता. निम्मा घाट उतरलो असू, तोच पायडल पायाखाली कापसासारखे मऊ झाले आणि तळाला टेकले. गाडी थांबेना. दोनतीनदा झपाझप पाय मारल्यावर ब्रेक किंचित लागला. तेवढ्यात खालचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूस गाडी कशीबशी लावली. कोणी काही बोलले नाही. नातीने मात्र विचारले, "आजोबा, आपण इथं का थांबलो?" आम्ही म्हणालो, "धबधबा बघायला." मे महिन्यात धबधबा कोरडा असतो, हे तिलाही दिसत होते.

अर्ध्या तासाने पायडल पुन्हा पूर्ववत कडक झाले. खरा धोका येथेच असतो. दोष आपोआप नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि मनुष्य तो विसरून जातो. आम्हीही विसरलो असतो; पण सौ. म्हणाल्या, "परत गेल्यावर आधी गाडी दाखवायची. त्याशिवाय मी हिच्यात बसणार नाही."

निपाणीच्या मेस्त्रींनी टाकीचे झाकण उघडले, बोट बुडवून पाहिले आणि विचारले, "साहेब, हे कधी बदललंय?" आम्हांला उत्तर देता येईना. आम्ही केवळ भर घालीत आलो होतो. तीही पडवीतल्या एका अर्ध्या डब्यातून, ज्याचे झाकण कित्येक वर्षे नीट बसत नव्हते. नोकरीत असताना सरकारी वाहनांच्या नोंदवह्या तपासून हाताखालच्या लोकांना मेमो देणारे आम्ही! घरच्या गाडीची नोंदवही मात्र कधी घातलीच नव्हती. डबा वाया जाऊ नये, एवढ्याच काटकसरीपायी चौघांचे प्राण पणाला लागले होते.

पुढे आम्ही या विषयाची माहिती करून घेतली. 'ऑइल' हे नाव मुळात फसवे आहे. हायड्रॉलिक ब्रेक नवे होते त्या काळी त्यांत एरंडेलाचे मिश्रण वापरीत. आज वापरतात तो द्रव बहुधा ग्लायकॉल जातीचा असतो. तो हवेतील ओल शोषून घेतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या आद्याक्षरांवरून आलेली 'डॉट' ही प्रतवारी आपल्याकडील डब्यांवरही असते. त्या मानकाप्रमाणे कोरडे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पण सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. घाटात तापलेल्या ड्रमची उष्णता चाकाजवळच्या सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि ओले ऑइल उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पायडल खाली जाते. गाडी निवली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक परत येतो. पायडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर लायनिंग तापल्याचा संशय घ्यावा. मऊ पडल्यास ऑइलचा अथवा हवेचा.

मेस्त्रींनी सिलिंडरची गंजलेली अंगे दाखविली, रबरे बदलली आणि डॉट 4 भरले. डॉट 3 च्या जागी ते चालते. डॉट 5 मात्र सिलिकॉनचे असते. ते या दोहोंत मिसळू नये. डॉट 5.1 हे नाव त्याच्यासारखे वाटले तरी तेही ग्लायकॉलचेच. इंजिन ऑइलचा थेंबही या टाकीत जाऊ देऊ नये, कारण त्याने रबरे फुगतात. डबा लहान आणि सीलबंद घ्यावा. उरलेले साठवू नये. रंगावर सांडल्यास रंग उडतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. हवा काढताना सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा आणि पायडल सोडण्यापूर्वी निपल बंद करावे. टाकीतील पातळी वारंवार उतरू लागली, तर भर घालण्याआधी गळती शोधावी. आमच्या दमट पावसाळ्यात दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलणे हाच खरा उपाय.

आता बॉनेटच्या आतल्या बाजूस ऑइल बदलल्याची तारीख रंगाने लिहिलेली असते. ती लिहिण्याचे काम नातीकडे आहे. गतवर्षी पुन्हा आंबोली उतरलो. पायडल सबंध घाटभर कडक होते. तरीही पहिल्या वळणावर सौं.चा हात आपसूक समोरच्या दांडीकडे गेला, आणि सावंतवाडी येईपर्यंत तो तेथेच होता. आम्ही ते पाहिले, पण काही बोललो नाही.